हत्तुरे बाईंची मूठ

हे कोणाला पटायचं नाही, आणि न पटणाऱ्यानं आत्ताच उठून गेलेलं बरं. बार्शीच्या उभ्या गल्लीत एक वाणी होता, आणि गावातल्या तीनशे चाळीस घरांतले डबे काय बोलतात ते त्याला दुकानाच्या गादीवर बसून ऐकू यायचं. तांदळाचे, डाळीचे, पिठाचे, झाडून सगळे.

मल्लिनाथअण्णा उंबरजे त्याचं नाव. वय सहासष्ट. देह भरदार, आणि हात तर असे की त्यांनी एका मुठीत उचललेले शेंगदाणे दुसऱ्याच्या ओंजळीत मावायचे नाहीत. 'तुम्हाला पटायचं नाही' हे त्यांच्या प्रत्येक गोष्टीचं पहिलं वाक्य. ते आलं की गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवायचं.

"तुम्हाला पटायचं नाही," अण्णा सांगत, "पण घोंगड्यांच्या पोरीचं लग्न ठरलं ते नवऱ्या मुलाच्या आधी मला कळलं. रविवारी चार वाजता पोह्यांचा डबा अर्ध्यावर आला. म्हणजे बघायला आले. सहाला साखर किलोभर खाली. आता नकार आला असता तर एवढा शिरा कोण करत बसतंय?"

"मामंजी," आतून त्यांची सून रेवती म्हणायची, "घोंगड्यांच्या साखरेच्या डब्याखाली चकतीच नाही."

"नसेल. मग गुळाच्या असेल."

अण्णांची एकही थाप रेवतीनं सहा वर्षांत सोडली नव्हती. अण्णांना ते आवडायचं. पकडणारं कोणी नसेल तर थाप मारण्यात मजा काय?

चकतीचं श्रेय खरं तर रेवतीचंच. लग्नाआधी ती पुण्याला वजनकाट्यांच्या कारखान्यात होती. ती घरात आली त्याच वर्षी मोठ्या कंपन्यांच्या उडत्या पेट्या बार्शीवर घिरट्या घालायला लागल्या. फोनवर बोट ठेवलं की आठ मिनिटांत गच्चीवर साबण. दीड वर्षात उभ्या गल्लीतल्या सात वाण्यांपैकी चौघांनी फळ्या लावल्या. अण्णा दिवसभर तांदळाच्या पोत्यावरच्या चिमण्या हाकलायचे आणि त्या चिमण्यांनासुद्धा गोष्टी सांगायचे.

"ती पेटी मागितल्यावर येते," रेवती एकदा म्हणाली. "आपण मागायच्या आधी जायचं."

"मागायच्या आधी कसं कळणार?"

"डबा सांगेल."

तिनं केलेली चकती पुरणपोळीपेक्षा लहान आणि थोडी जाड. ती डब्याखाली ठेवायची. तिच्या पोटात एक धातूची पट्टी असते, आणि त्या पट्टीवर केसाहून बारीक तार नागमोडी चिकटवलेली. डब्याचं वजन पडलं की पट्टी वाकते. डोळ्याला दिसणार नाही इतकीच, पण तिच्याबरोबर तार ताणली जाते. ताणलेल्या तारेतून जाताना वीज जरा जास्त अडखळते. किती अडखळली ते मोजलं की वजन कळतं. तुमच्या दुकानातल्या इलेक्ट्रिक काट्याच्या पोटातही हेच चाललेलं असतं.

काटा तिथल्या तिथे बोलतो, चकती लांब बोलते. दर पाच मिनिटांनी ती चार-दोन आकडे हवेत सोडते. हलक्या आवाजात, पण दोन-तीन किलोमीटर पोचतील असे. दुकानाच्या गच्चीवरचा खांब ते आकडे झेलतो. बोलणं इतकं थोडं की बॅटरी लागत नाही. ओट्यावर पडणाऱ्या उजेडावर चकतीचं भागतं.

पुढचं काम दुकानातल्या मशीनचं. महिना-दोन महिन्यांत मशीन घराची सवय शिकायचं. कोण वाटीनं मोजतं, कोण मुठीनं, कोण नुसतं डोळ्यानं. कोणाकडे शनिवारी भात नाही, कोणाकडे पाहुणा आला की आठ दिवस हलत नाही. डब्याचा तळ दिसू द्यायचा नाही ही आमच्याकडच्या बायकांची जुनी रीत. शेवटची मूठ डब्यात राखायची आणि नवं वरून ओतायचं. रेवतीनं मशीनला तीच रीत शिकवली. कोणत्याही घरात शेवटची मूठ उरायच्या आधी उंबरज्यांची गाडी दारात.

धंदा सावरला. खाणार तेवढंच आणायचं म्हटल्यावर गोदामात किडायला काही उरेना. गल्लीतल्या उरलेल्या दोन वाण्यांनाही अण्णांनी सोबत घेतलं, एकाचं तेल, एकाची गिरणी. दुकानावर नवी पाटी लागली: 'डबा खोटं बोलत नाही.' आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाच्या डोक्यावर ही पाटी बघून गल्ली आठवडाभर हसली.

मग आली खुशाली. तिची कल्पना मात्र अण्णांची. गावातली पोरं परदेशी, आईबाप इथं एकटे. फोनवर आई म्हणते जेवले, आणि असते चहा-बिस्किटावर. तर ज्यांना हवं त्यांना रोज सकाळी दहा वाजता दुकानाकडून एक ओळ जायची, 'आई जेवली', आणि खाली डब्यांचे आकडे. अशी एकसष्ट घरं झाली. त्यातलं एक हत्तुरे बाईंचं.

नीलांबिका हत्तुरे, वय अठ्ठ्याहत्तर, नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त. अण्णांना चौथीत गणित शिकवलेल्या बाई. अख्ख्या बार्शीत त्यांना 'मल्ल्या' म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. बाईंची मुलगी अंबुजा ऑस्ट्रेलियात, पर्थला. दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिनंच आईच्या डब्यांखाली चकत्या ठेवून घेतल्या आणि जाताना दुकानात येऊन बसली.

"अण्णा, आई मला खोटं सांगते. तुम्ही खरं सांगायचं. शब्द द्या."

"दिला," अण्णा म्हणाले. "तुला पटायचं नाही, पण थापा मी फक्त गिऱ्हाइकांना मारतो."

बाईंचं माप मुठीचं. एका वेळेला एक मूठ तांदूळ, दोन मुठी ज्वारीचं पीठ. मूठ पंचेचाळीस ग्रॅमची, रोज तेवढीच. मशीनला सगळ्यात आधी पाठ झालेलं घर ते. सोमवारी मात्र डबे हलायचे नाहीत. बाईंचा सोमवार पन्नास वर्षांचा, तापातसुद्धा मोडला नव्हता.

आणि एका सोमवारी तो मोडला. सकाळी एक मूठ तांदूळ, दोन मुठी पीठ.

पर्थहून लगेच निरोप आला. 'अण्णा, आईनं सोमवार सोडला. किती वर्षं मागे लागले होते. आता मी निवांत पडून राहीन.' अंबुजाला पडूनच राहायचं होतं. लग्नाला अकरा वर्षं, वय बेचाळीस, आणि आता दिवस गेलेले. सातवा लागला तसं डॉक्टरांनी पलंगावरून उतरायलाच बंदी केली होती. विमानाचं तर नाव काढू नका म्हणाले होते.

अण्णाही आधी खूश झाले. मग मंगळवारी दाढी करता करता त्यांचा हात थांबला. उपास सोडणारं माणूस आधी चार घरी सांगतं, गुरुजींना विचारतं, काहीतरी गोड करतं. उपासाचा वार नुसता विसरतं कोण? ज्याला रोजच उपास आहे ते.

अण्णा अर्धी दाढी पुसून निघाले.

बाई खिडकीपाशी खुर्चीत होत्या. खुर्ची मोठी झाली होती.

"काय रे मल्ल्या, अर्धाच चेहरा घेऊन आलास?"

"चकतीचा काटा शून्यावर आणायचा होता, बाई. म्हटलं आपणच जावं."

"ते रेवती दुकानात बसून करते. मला तिनंच सांगितलंय." बाईंचा आवाज सुकलेल्या पानासारखा झाला होता. "चौथीतसुद्धा तुला धड थाप मारता येत नव्हती."

अण्णा स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. ओटा कोरडा. गॅसच्या शेगडीवर धूळ. आणि कोपऱ्यात मुठीचं मडकं. आमच्याकडे घरोघर असतं ते. स्वयंपाकाआधी थोडं धान्य मठातल्या बोर्डिंगच्या पोरांसाठी बाजूला टाकायचं, महिनाअखेरीला बोर्डिंगची माणसं येऊन घेऊन जातात. बाईंचं मडकं शिगोशीग भरलेलं. शेजारी पिठाची पिशवी, तीही भरलेली. डब्यातनं गेलेलं सगळं तिथं होतं. चकतीला गेलेलं कळतं. कुठं गेलं ते तिला कोण सांगणार?

"बाई, काल सोमवार होता."

बाईंनी बोटांवर वार मोजले.

"हो का," त्या म्हणाल्या. "बघ. गणिताच्या बाईचाच हिशेब चुकला."

गाठ अन्ननलिकेत होती. पाणी उतरायचं, पेज कधी उतरायची कधी नाही. घास उतरणं बंद होऊन तीन आठवडे झाले होते. ऑपरेशनचं डॉक्टर बोलले, पण बोलताना खिडकीबाहेर बघत होते म्हणे. अंबुजाला बाईंनी घसा बसलाय एवढंच कळवलं होतं. फोनवर बोलायची मनाई आहे, लिहूनच बोलू.

"अंबुजाला सांगायला पाहिजे," अण्णा म्हणाले.

"सांगितलंस तर ती विमानात बसेल. ओळखतोस तू तिला. अकरा वर्षांनी पाळणा हलायचाय त्या घरात."

"मी शब्द दिलाय तिला. आणि पाटी लावलीय. डबा खोटं बोलत नाही."

"डबा कुठं बोलतोय? मी बोलतेय." बाईंनी हात पुढे केला. "तिला शब्द दिलास ना, आता मलाही दे. मूल होईपर्यंत."

चौथीत असताना त्या हातावर अण्णांनी कितीदा तरी पाटी ठेवली होती, तपासायला. आता त्यावर आपला हात ठेवताना त्यांना भीती वाटली, मोडेल की काय.

पंधरा दिवसांत बाईंना खुर्चीतून उठवेना. पुतण्या गंगाधर आणि त्याची बायको राहायला आले. मूठ काढायचं काम मात्र बाईंनी त्यांना दिलं नाही. रोज सकाळी आठला अण्णा जायचे, डब्याचं झाकण काढायचे, आणि पलंगावरून बाई देखरेख करायच्या.

"आज बुधवार ना?"

"बुधवारच."

"मग काढ. आणि उद्या तीन मुठी तांदूळ काढ."

"तीन कशाला?"

"पाहुणे."

"कोण येतंय?"

"कोणी नाही रे. पण माणसाच्या घरी पाहुणे येतात. महिनाभर कोणीच आलं नाही तर तिला संशय येईल."

पाहुणे आले, तीन मुठींचे. एकदा शेजारणीचं डोहाळजेवण झालं, रव्याचा डबा निम्मा. सोमवार सगळे पाळले गेले. बोर्डिंगचा आचारी गल्लीभर सांगत सुटला की हत्तुरे बाईंचा हात किती मोठा.

रेवतीनं एका दुपारी मशीनवरची बाईंची रेघ बघितली. पंचेचाळीस, पंचेचाळीस, पंचेचाळीस, आणि मग एका दिवसापासून पंचाहत्तर. मशीननं शेजारी लिहिलं होतं, 'खाणं वाढलं, तब्येत सुधारली असावी.' तिनं मान वर केली. गादीवर अण्णा कोणाला तरी शेंगदाणे देत होते, मुठीनं. ती त्या हाताकडे बघत राहिली. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा काही बोलली नाही.

बाई गुरुवारी सकाळी गेल्या. मूल यायला बारा दिवस होते. अण्णा आठला पोचले तेव्हा गंगाधर दारात उभा होता, चपला न घालता. मठाच्या आवारात माती दिली. परतताना गंगाधरनं खिशातून फोन काढला, तशी अण्णांनी त्यावर हात ठेवला.

"बारा दिवस," ते म्हणाले.

गंगाधरनं त्यांच्याकडे बघितलं. मग फोन परत खिशात ठेवला. गल्लीनंही तोंडाला कुलूप लावलं. एरवी जिला शेजारच्या घरची शिंक पचत नाही, त्या गल्लीनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अण्णांनी बाईंच्या दाराचं कुलूप काढलं. गंगाधर आपल्या घरी परतला होता. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, आणि त्याच घरातनं रोज एका माणसाचं जेवण जायचं होतं. आत अंधार. चकत्या मिणमिणत होत्या, उजेडावाचून त्यांचा आवाज खोल गेला होता. अण्णांनी ओट्यावरची खिडकी उघडली. ऊन आत आलं. ते थोडा वेळ तसेच थांबले, चकत्यांना जाग येईपर्यंत. मग झाकण काढून एक मूठ तांदूळ घेतले.

दहा वाजता ओळ गेली. 'आई जेवली.'

"मेलेल्या माणसाची खुशाली पाठवतोय आपण, मामंजी," रेवती म्हणाली. आवाज चढला नव्हता तिचा. "बाहेर पाटी काय लावलीय?"

"वाचता येते मला."

"उद्या कळलं तर बाकीच्या साठ घरांनी काय समजायचं? आपली आई खरंच जेवली, का उंबरजे जेवले तिच्या वाटचं?"

अण्णांनी मशीन तिच्यापुढे सरकवलं. "बंद करायचं बटण तुला माहितेय. मला येत नाही ते."

रेवतीनं बोट ठेवलं. मशीन विचारत होतं, खरंच बंद करायचं का? ती त्या प्रश्नाकडे बघत बसली. मग उठली आणि चहा ठेवायला आत गेली.

रविवारी अंबुजाचा फोन थेट दुकानात आला.

"अण्णा, आईला दोनदा लिहिलं. उत्तर नाही."

"अगं, तुला पटायचं नाही," अण्णा म्हणाले, आणि पुढचं वाक्य कुठून आणायचं ते त्यांना कळेना. असं त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. "मठात प्रवचन आहे. तीन दिवसांचं. फोन आत नेऊ देत नाहीत."

"चालत जाते?"

"रिक्षा लावून दिलीय मी."

"जेवून जाते ना?"

"तुला दिसतंय की डब्यात."

"हो. दिसतंय." मग म्हणाली, "अण्णा, तिला म्हणावं सावकाश जेव. घाई करू नको माझ्यासाठी."

"सांगतो," अण्णा म्हणाले.

मग सोमवार आला. अण्णांनी कुलूप काढलं, खिडकी उघडली, डब्यासमोर उभे राहिले आणि झाकणाला हात लावला नाही. त्या दिवशी ते स्वतःही जेवले नाहीत. रेवतीनं ताट वाढलं, तसंच झाकून ठेवलं.

मंगळवारी मूठ, बुधवारी मूठ. पुढचा सोमवार कोरडा. तेरा दिवस ऊन पडलेल्या स्वयंपाकघरात अण्णा रोज सकाळी एकटे उभे राहिले. डबे खाली जात होते. एकदा तर तांदळाच्या डब्यात शेवटची मूठ उरायला आली आणि मशीननं आपणहून माल काढला. उंबरज्यांची गाडी रीतीप्रमाणे दारात येऊन उभी राहिली. अण्णांनी पिशवी आत घेतली. मुठीवर नवे तांदूळ ओतले.

तेराव्या दिवशी, बुधवारी, पर्थहून निरोप आला. मुलगी. दोघी सुखरूप.

अण्णांनी तो निरोप रिकाम्या पलंगासमोर वाचून दाखवला. मग डब्यांखालच्या चकत्या काढल्या, एकेक पुसली आणि फडक्यात बांधली. गंगाधरनं दुसऱ्या दिवशी पर्थला फोन केला, तोवर काय सांगायचं ते अण्णांनी त्याला घोटून दिलं होतं. 'खुशाली' मात्र रेवतीनं त्याच आठवड्यात बदलली. आता दहा वाजता 'आई जेवली' अशी ओळ जात नाही. 'डबा हलला' एवढीच जाते. त्यानंतर चार घरं गळली, छप्पन्न राहिली. पाटीही उतरवली गेली. रंग उडाला म्हणून, असं अण्णा सांगतात.

फाल्गुनात अंबुजा बाळाला घेऊन आली. मठात जाऊन आली आणि ऊन उतरल्यावर दुकानात येऊन गादीच्या कडेला बसली. गल्ली जमलीच. गंगाधर होता, बोर्डिंगचा आचारी होता, घोंगड्यांची लग्न झालेली पोरगी होती. रेवती आत डाळ निवडत होती. बाळानं अण्णांचं एक बोट धरून ठेवलं होतं, ते सोडायला तयार नव्हतं.

"अण्णा," अंबुजा म्हणाली, "आईचं शेवटचं सांगा ना."

अण्णांनी घसा साफ केला. ही गोष्ट त्यांनी चार महिन्यांत इतक्यांदा सांगितली होती की तिला कंगोरे उरले नव्हते.

"तुला पटायचं नाही," ते म्हणाले, "पण तुझा निरोप आला ना, तशी बाई ताडकन उठल्या. म्हणाल्या, मल्ल्या, नात झाली. पदर खोचला, आणि स्वतःच्या हातानं गव्हाची खीर केली. अख्ख्या गल्लीला वाटली. स्वतः दोन वाट्या खाल्ल्या, वर तूप घेऊन. रात्री निवांत झोपल्या, त्या झोपल्याच. आजार नाही, दुखणं नाही. अगं, शेवटचे दोन महिने तर असं खाणं होतं त्यांचं, रोजच्या रोज, तू बघितलंयसच की डब्यात."

आचाऱ्यानं नाक ओढलं. गंगाधर जमिनीकडे बघत होता. आत डाळ निवडायचा आवाज थांबला, आणि परत सुरू झाला.

अंबुजा बाळाच्या हाताकडे बघत होती. त्या एवढ्याशा बोटांत अडकलेल्या अण्णांच्या हाताकडे. तिनं तो हात हळूच आपल्या दोन्ही हातांत घेतला, त्याची बोटं एकेक करून मिटली, आणि मिटलेल्या मुठीवर आपला तळवा ठेवला.

"अण्णा," ती म्हणाली, "आईची मूठ एवढी मोठी नव्हती."